दाराशी आणलेली गाडी

दुसऱ्यांच्या गाड्या मी दिवसभर तपासतो, पण स्वतःची रोज उतारावर लावतो आणि सकाळी तशीच खाली सोडून गिअर टाकतो, की ती सुरू होते. त्यामुळे थंड डिझेल इंजिन सुरू होण्याआधी तापवणारे हिचे हीटर प्लग कधी जळाले, ते कळलंच नाही. काल मात्र आबांना चढ चालायला नको म्हणून गाडी दाराशी, सपाटीवर आणून ठेवली. आज सकाळी त्यांना श्वास घेता येईना. मागच्या सीटवर आईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी किल्ली फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला, सगळं रीतसर. इंजिन मात्र गारठ्यात नुसतंच कण्हलं. सपाटीवर एकट्यानं ढकलून ती हलत नाही. मी बॉनेट उघडलं, प्लगवरची पट्टी सोडवली, बॅटरीला टेस्ट लॅम्पचा चिमटा लावला आणि एकेका प्लगला टोक टेकवू लागलो. प्लग धड असेल तर लॅम्प लागतो. पहिल्यावर लागला नाही. दुसऱ्यावरही नाही. "घाई करू नको," आतून आबा म्हणाले. हे काम त्यांनीच मला शिकवलेलं. "आधी गंज खरवड, मग टेकव." खरवडला. तिसराही मेलेला. चौथ्यावर लॅम्प भक्कन लागला. "आबा, एक चालतोय!" मी ओरडलो. एकावर इंजिन उचलेल का, ते त्यांनाच विचारायचं होतं. मी खिडकीतून वाकून पाहिलं. आईनं त्यांच्या नाकासमोर तळहात धरला होता. तो तिनं शालीवर घासला, पुन्हा धरला. "माझेच हात गार पडलेत रे," ती म्हणाली, "मला काही कळत नाहीये. तू बघ बरं."