तिसरा ट्रेलर

“अरे, घाल की गाडी पुढे! किती वेळ याच्या शेपटाला चिकटून राहणार?” मागच्या सीटवरून आई कडाडली.

तिला डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं होतं. ऑपरेशनची तारीख मोठ्या मिनतवारीने मिळालेली. डोळ्यांत घरूनच थेंब घातले होते. त्यामुळे पुढे काहीतरी भलंमोठं धूड चाललंय, एवढंच तिला दिसत होतं. धुडाच्या पाठीवर आपल्याच घराचं आडनाव रंगवलंय, हे दिसत नव्हतं.

गाडी मुलगा चालवत होता. एकामागे एक जोडलेले तीन ट्रेलर ओढणारा तो ट्रक त्याच्याच मालकीचा होता. असले ट्रक हमरस्त्यावर चालवायची परवानगी त्याला हवी होती, आणि ती देणाऱ्या बाई शेजारच्या सीटवर मांडीवर फाईल घेऊन बसल्या होत्या. सही करून टाका, असे वरून फोन येऊन गेले होते. बाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, “एकच चाचणी. ट्रक तुमचा, मागची गाडी तुमची, चालवणारही तुम्हीच. याला ओव्हरटेक करून दाखवा, लगेच सही करते.”

मालक हसला होता. “एवढंच ना? मग आईलाही घेतो, वाटेत दवाखान्यात सोडता येईल.”

ते हसू कधीच पुसलं गेलं होतं.

वळण संपलं, समोरचा रस्ता मोकळा दिसला. त्याने गाडी बाहेर काढली. मागचा ट्रेलर गेला. मधला सुरू झाला, तो काही केल्या संपेना. तेवढ्यात समोरच्या चढावरून गाद्यांनी लादलेला टेम्पो उगवला. मालकाने करकचून ब्रेक दाबला आणि कशीबशी गाडी पुन्हा मागे घातली. टेम्पोवाल्याची शिवी बंद काचेतूनही स्पष्ट ऐकू आली. झोकांड्या खात चाललेला शेवटचा ट्रेलर पुन्हा डोळ्यांसमोर आला.

“मॅडम, माझा ड्रायव्हर कसलेला आहे,” मालक घाम पुसत म्हणाला.

“असेल हो. पण तो पुढे आहे. मला मागे अडकलेल्यांचं बघायचंय.”

आईने पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. जीभ मात्र शाबूत होती. “असलं धूड रस्त्यावर सोडलं तरी कुणी? त्याला आईबाप नाहीत का?”

“अजून सोडलेलं नाही, आजी,” बाई शांतपणे म्हणाल्या. “आज परवानगी मागायला आलंय.”

“मग तोंडावर नाही म्हणून सांगा की त्याला!”

बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि फाईल मिटली.

मुलाने पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. गाडी मागे राहिली, ट्रक लांब गेला.

“ऐकलं त्याने, आई,” तो म्हणाला.