जुनं माप

सुदर्शन गुरुजींनी देगलूरच्या शिलाईच्या दुकानात शिरून नवा शर्ट गफूरभाईंच्या अंगावर भिरकावला. "अंगात झोळी अन् गळ्याला फास! कापड खाल्लं का?" गुरुजींचे हात थरथरत होते, डोळे वटारलेले, घामाच्या धारा लागलेल्या. गुरुजी भर दुपारी पिऊन आलेत, असा गफूरभाईंना शक आला. "मापानंच कापलंय, गुरुजी," ते तुटक बोलले. तेवढ्यात गुरुजी कोसळले. अंगाला हात लावला तर चटका बसला.

दवाखान्यात नाडी दीडशेच्या वर पळत होती. गुरुजी बरळत होते. डॉक्टर तनुजाबाईंना उष्माघात वाटत होता, पण ताप हटेना. "ह्या दर्ज्याच्याच दुकानात पडला, त्याला विचारा," गुरुजींचा भाऊ हरिओम गुरकावला.

खरं सांगितलं तर आळ आपल्यावरच येणार, हे गफूरभाईंना दिसत होतं. तरी ते बोलले. "डॉक्टरसाब, मी खोटं बोललो. महिन्याखाली माप घेतलं, तर छाती तीन इंच उतरलेली अन् गळा दीड इंच चढलेला. असं कुठं असतंय? मी जुन्याच मापानं शर्ट कापला."

तनुजाबाईंचा हात गुरुजींच्या गळ्यावर गेला अन् तिथंच थांबला. "थायरॉईड भडकलंय!" त्यांनी नर्सला भराभर औषधं सांगितली.

तासाभरानं नाडी जराशी उतरली, तेव्हा बाईंनी विचारलं, "महिनाभर गप्प का बसलात, चाचा?"

"एवढ्या मोठ्या माणसाचा गळा वाढतो, हे कुठं ठाऊक होतं, बाई? म्हाताऱ्या दर्ज्याची नजर जाते, एवढंच ठाऊक होतं."