उत्तम गाठ

“गाढवा, ही गाठ आहे की पायजम्याची नाडी?” ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटच्या पलीकडून डॉ. आपटीकर शिकाऊ डॉक्टर निमिषवर खेकसले. “परत बांध. बोट आतून घे, आतून!”

निमिषने दात काढत परत बांधली. राखीव जागेवरच्या डॉक्टरांना कुणी अपमानकारक बोललं की ते टिपणारा समतामापक छताला लावलेला होता. त्याच्या यादीत निमिषचं नाव नव्हतं, त्यामुळे त्याला शिव्या घातल्या तरी विभागाचे गुण जात नसत.

मग शेवटच्या वर्षाच्या डॉ. सुगंधा पावराने दुसरी रक्तवाहिनी बांधली. तीही गाठ तितकीच सैल होती.

“उत्तम, डॉक्टर पावरा,” सर म्हणाले.

ती आली त्या महिन्यात कुणीतरी तिला ‘कोट्यातली’ म्हणालं आणि मापकाने विभागाचे नऊ गुण कापले. तेव्हापासून तिला कुणी वावगं बोललं नव्हतं. काही शिकवलंही नव्हतं.

“सर, सोमवारपासून आमच्या तालुक्याला मी एकटीच सर्जन,” ती म्हणाली. “मलाही गाढव म्हणा हवं तर. पण कुठे चुकतंय ते सांगा.”

निमिष मास्कच्या आड खुसखुसला. सरांनी एकदा छताकडे पाहिलं.

“आपलं कुठेच चुकत नाही, डॉक्टर.”

तेवढ्यात तिची गाठ सुटली आणि पेशंटच्या पोटात रक्त भरू लागलं. सरांनी अदबीने तिचा हात बाजूला केला आणि स्वतः गाठ बांधली. ती कशी बांधतात ते पाहायला सुगंधा पुढे झुकली, पण सरांचा खांदा मध्ये होता.

“आभारी आहे, डॉक्टर पावरा,” ते वळून न पाहता म्हणाले. “आपण निघालात तरी चालेल.”