ओवाळणीला ऊन

"ओल्या हातांनी कपाट उघडत असणार ही, म्हणून बुरशी धरली," कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात विश्वंभररावांनी बायकोकडे बोट दाखवलं.

नलिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. हा कॅमेरा तिच्या भावाने मस्कतहून भाऊबीजेची ओवाळणी म्हणून तिला पाठवला होता. 'बायकांच्या हातात टिकायचा नाही,' म्हणत यांनी तो त्याच दिवशी कुलपात टाकला आणि किल्ली बांधली जानव्याला! कपाट उघडायला ती काय यांचं जानवं तोडणार होती?

दुकानदाराने भिंग सोडवून औषधाने पुसलं. कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी कापसावर निघून आली. "काका, चामड्याच्या पाकिटात घालून अंधारात कोंडलंत याला. अधूनमधून वापरला असता, ऊन दाखवलं असतं, तर बुरशी धरलीच नसती."

"ऐकलंत?" नलिनी कडाडली. "लोणच्याला, गोधड्यांना, तुमच्या लग्नातल्या कोटालासुद्धा दर वर्षी ऊन दाखवते मी. माझ्याच वस्तूला तेवढं दाखवू दिलं नाहीत!"

"बरं, आता झाला ना स्वच्छ?" म्हणत विश्वंभररावांनी कॅमेऱ्याचं पाकीट उघडून हात पुढे केला.

दुकानदाराने नवे सेल घालताच नलिनीने कॅमेरा उचलला आणि त्याची दोरी स्वतःच्या मनगटात अडकवली.

"बाहेर उभे राहा. तिकडे, उन्हात."

"मी? कशाला?"

"माझ्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो काढतेय. शिवाय तुम्हालाही जरा ऊन दाखवायला हवंच आहे."