हाडातली चार भोकं

"रामकुंडात हाडं विरघळतात गं, लोखंड नाय विरघळत. ते काढूनच ये माझ्यामागं." शेवटच्या दिवशी गोटीराम बायकोला म्हणाले होते, आणि कुसाबाईंनी हो म्हटलं होतं.

कुसाबाईंचा मोडलेला खुबा जुळून दोन वर्षं झाली होती. डॉक्टर दर खेपेला सांगत, "आजी, आतला रॉड काढला तर स्क्रूच्या भोकांशी हाड पुन्हा मोडेल. राहू द्या."

आज मात्र एक्स-रे बघून त्यांनी विचारलं, "रॉड कुठे काढून घेतलात?"

"काढला नाय बा. सुनेला विचारा."

"आईंचा चातुर्मासाचा नेम चालू आहे," योगिनी म्हणाली. "देवघर सोडून कुठं जातात त्या?"

दुसरा फोटो काढला. त्यातही हाडात चार रिकामी भोकं तेवढी होती. मांडीवर जुन्या टाक्यांखेरीज ओरखडा नव्हता.

"पाय टेकू नका हं, आजी. भार पडला की मोडेल," असं म्हणून डॉक्टर गोंधळून पुन्हा फोटोकडे वळले. योगिनी व्हीलचेअर आणायला गेली.

कुसाबाईंना काही उमगेना. पाय मात्र फुलासारखा हलका झाला होता. त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"आले हं," त्या रिकाम्या दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, आणि तोच पाय आधी फरशीवर टेकवून निघाल्या.