पुराव्याशिवाय

गिऱ्हाइकाचं महागडं घड्याळ गायब झालं म्हणून पोलीस बाबाच्या दुरुस्तीच्या दुकानाची झडती घेत होते. दाराशी मुसमुसत उभ्या असलेल्या मुलीला आत्या दटावून समजावत होती, "आधी डोळे पूस! चौकशी झाली म्हणजे गुन्हा केला असं होत नाही. पुराव्याशिवाय कुणालाही चोर म्हणायचं नसतं, एवढं डोक्यात ठेव."

"मग तुझी अंगठी हरवली तेव्हा मला का म्हणालीस?" मुलगी फणकारली. वर्ष झालं, आत्या तिला चारचौघांत 'चोरटी' अशीच हाक मारायची.

"तोंड वर करून बोलू नकोस. तुझी गोष्ट वेगळी!"

तेवढ्यात हवालदारानं बाबाच्या खणातल्या स्प्रिंगांच्या डबीतून एक अंगठी काढली. हिरवा खडा, कडेला टवका उडालेला. आत्याची हरवलेली, तीच. बाबानं मान खाली घातली. आता तरी आपल्यावरचा आळ जाईल, म्हणून मुलीचा जीव भांड्यात पडला.

"बाई, ही ओळखता?" हवालदारानं विचारलं.

आत्यानं अंगठी उलटसुलट करून पाहिली. मग भावाकडं पाहिलं.



"छे, ही माझी नाही. माझी तर या चोरटीनं केव्हाच लांबवली."