आपला आपण

जाईबाईने पिशवी उलटी केली आणि सगळे बांगडे मंजुळाच्या फळीवर सपकन पडले.

"घरी जाऊन पिशवी उघडली तर पोरं नाक धरून बाहेर पळाली. वास मारतायत गं हे!"

मंजुळाचं डोकंच फिरलं. शिवडीच्या कोळीवाड्यातून लालबागच्या या बाजारात ती लग्न झाल्यापासून येऊन बसत होती. शेजारची गिरणी संपात बंद पडली, वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली, मग तिथे काचेचा टॉवर उभा राहिला. मंजुळाची जागा काही हलली नाही, ती तिच्या नाकामुळे. पहाटेच्या अंधारात, नुसती पाटीवर वाकून ती शिळं म्हावरं ओळखायची. सासूने, कमलाबाईने, तिला ते शिकवलं होतं. आणि आज गिऱ्हाइकाने तिच्याच फळीवर मासळी आणून आपटावी?

"माझ्याकडं शिळं? माझ्याकडं?" ती ओरडली. "या जल्ल्या मुसक्यात माणसाचं नाक मरतं! धक्क्यावर हवालदार काठी घेऊन उभा. मुसकं खाली घेऊ दिलं नाय मेल्यानं. त्याला जाऊन सांग, बांगडे शिळे निघाले म्हणून."

मास्कला ती मुसकंच म्हणायची. पालिकेचा माणूस दंडाच्या पावत्या फाडत फिरत होता, म्हणून आत्ता ते नाकावर होतं इतकंच.

"मुसकं बैलाला बांधतात, जाईबाय, खळ्यात दाणे खाऊ नये म्हणून. आमी बैल हाव काय? एवढे महिने दर्या बंद ठेवला, काय झालं? पाणी निवळलं. म्हावरं वाढलं. कुणी औषध टाकलं होतं त्याच्यात? दर्या आपला आपण साफ होतो. माणसाचं अंगपन तसंच हाय. माझी दमयंती चार दिवस मागं लागलीय, आजी खोकतात, तपासायला नेऊ. मी नाय नेऊ दिली. सुनेनं मना शिकवायचं? तिकडं नेलेलं माणूस पिशवीत बांधून परत येतं. म्हातारीनं पंच्याऐंशी पावसाळे काढलेत. खोकला आपला आपण जाईल."

"झालं बोलून?" जाईबाईचाही आवाज चढला. "आमचे हे गिरणीत कार्डिंग खात्यात होते. नुसता कापूस उडायचा. तोंडाला बांधायला एक फडकं दिलं नाय कुणी. मागितलं की वरचा जॉबर म्हणायचा, अंगाला आपोआप सवय होते. झाली की सवय! शेवटी शेवटी भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपायचे. आडवं झालं की जीव कोंडायचा. आज फडकं मिळतंय, तर तू त्याला मुसकं म्हणतेस?"

"तुझं भाषण नको मना!"

मंजुळाने मास्क ओरबाडून फेकला. बांगडा उचलला, कल्ला उघडून नाकाशी नेला आणि जोरात वास घेतला.

काहीच नाही. ना ताजा, ना शिळा.

तिने दुसरा उचलला. मग तिसरा. शेजारी सुकी मासळी विकणारी रखमा नाकाला पदर लावून म्हणाली, "टाक गं ते तिकडं, मळमळतंय."

मंजुळाने रखमाच्या ढिगातली मूठभर सुकट उचलली आणि नाकावर दाबली. सुकटीची टोकं ओठाला टोचली. वास आला नाही.

काल संध्याकाळी तिने सुकट भाजली होती. सगळी आळी घमघमत होती आणि कमलाबाई म्हणाली होती, "सूनबाय, आज सुकटीला वास कसा नाय?" मंजुळा खदखदून हसली होती. म्हातारीच्या बहिऱ्या कानाला तोंड लावून ओरडली होती, "आये, नाक म्हातारं झालं तुझं!"

तिच्या मुठीतली सुकट खाली सांडली. तिचा चेहरा बघून जाईबाई भांडण विसरली आणि खांद्यावर हात ठेवायला पुढे झाली.

"लांब हो, जाईबाय! शिवू नको मना!"

जाईबाईचा हात हवेतच राहिला. गावाकडे तिच्या आईने, आजीने हे शब्द जन्मभर ऐकले होते. तिने स्वतःही लहानपणी विहिरीवर ऐकले होते. या बाजारात, मंजुळाच्या तोंडून, आजवर कधी नाही.

"काय म्हणालीस?" तिचे डोळे पेटले. "परत बोल. मी शिवू नको तुला?"

"तसं नाय गं." मंजुळा मागे सरकत भिंतीला टेकली. "मना वास येत नाय. कसलाच येत नाय. काल म्हातारीलापन येत नव्हता."

जाईबाईचा राग काही लगेच उतरला नाही, पण ती आपणहून दोन पावलं मागे गेली.

"सुनेला फोन लाव," ती खेकसली. "माझ्याकडं काय बघतेस? लाव!"

मंजुळाने कमरेचा फोन काढला. मासळीच्या हाताने बटणं दाबली जाईनात. लागला तेव्हा दमयंतीने लगेच उचलला. तिच्या आवाजात चार दिवसांचा राग होता.

"म्हातारी काय करते?" मंजुळाने विचारलं. "खोकते काय गं?"

"नाही. सकाळपासून एकदाही नाही. चहाला हाका मारल्या, तरी झोपूनच आहेत. तुम्हीच म्हणत होतात ना आई, खोकला आपला आपण जाईल? गेला."